ऑस्टिओपॅथी आणि फिजिओथेरपी: दोन सेशनच्या मधल्या दिवसांत घरी घ्यायची काळजी

कंबर, मान किंवा गुडघ्याच्या दुखण्यासाठी थेरपिस्टकडे जाणारा रुग्ण आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा जातो. एक सेशन साधारण अर्ध्या तासाचे असते. आठवड्याचे तास मात्र १६८ असतात. उरलेल्या तासांत तुम्ही कसे बसता, काय उचलता, किती चालता आणि किती झोपता, यावर सेशनचा फायदा टिकणार की दुसऱ्याच दिवशी जाणार, हे बरेचसे ठरते.

वाशिंद, आसनगाव, शहापूर, मुरबाड या भागातल्या रुग्णांना हे जास्तच लागू पडते. अनेकांना सेशनसाठी कल्याण किंवा ठाण्याला जावे लागते. एका फेरीत अर्धा दिवस जातो, कधी त्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून मधल्या दिवसांत काय करायचे, काय टाळायचे आणि कोणत्या लक्षणांत पुढच्या सेशनची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे, हे या लेखात सांगितले आहे.

थोडक्यात

• सेशनमुळे दुखणे काही काळ हलके होते. त्या काळात केलेली हालचाल आणि व्यायाम हाच पुढचा उपचार.
• सेशननंतर एक-दोन दिवस अंग थोडे दुखणे चालते. दुखणे वाढत गेले, बधिरपणा आला किंवा ताकद कमी झाली तर ते चालत नाही.
• पूर्ण विश्रांती घेतल्याने कंबरदुखी लांबते. झेपेल तेवढे चालत राहा.
• शेक आणि हलक्या हाताने मालीश चालते. बिब्बा, डाग, जोरात मान मोडणे आणि कमरेवर पाय देणे टाळा.
• लघवी अडणे, पाय लुळे पडणे, ताप, वजन घटणे, छातीत दुखणे यांपैकी काहीही असेल तर थेरपिस्टकडे नव्हे, डॉक्टरांकडे जा.

ऑस्टिओपॅथी म्हणजे काय?

स्नायू, सांधे आणि मणके हाताने तपासून, दाबून, ताणून आणि हलवून उपचार करण्याची ही पद्धत आहे. अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ती मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले महाविद्यालय सुरू केले. पुढे वेगवेगळ्या देशांत तिचे स्वरूप वेगळे झाले. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात. ते औषधे देतात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची नोंदणी बंधनकारक आहे, पण तिथे ते मुख्यतः हातानेच उपचार करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या शिक्षणाचे किमान निकष प्रसिद्ध केले.

आपल्याकडे ऑस्टिओपॅथी शिकलेले लोक थोडे आहेत आणि त्यातले बरेचसे मूळचे फिजिओथेरपिस्ट आहेत. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातला रुग्ण बहुतेक वेळा फिजिओथेरपिस्टकडेच जातो. मधल्या दिवसांतली काळजी दोन्हीकडे सारखीच असते. पाटी कोणतीही असली तरी पहिल्या भेटीत तीन प्रश्न जरूर विचारा: तुमचे शिक्षण कोणते? मला नेमके काय झाले आहे? किती सेशननंतर काय फरक पडायला हवा?

हाताने केलेल्या उपचाराचा जुनाट कंबरदुखीत काही रुग्णांना फायदा होतो, पण तो माफक असतो आणि व्यायामाची जोड मिळाली तरच टिकतो. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड असे आजार मणके हलवून बरे होत नाहीत. तसे कोणी सांगितले तरी या आजारांच्या गोळ्या बंद करू नका.

सेशननंतरचे पहिले दोन दिवस

दाबलेल्या किंवा ताणलेल्या स्नायूंत २४ ते ४८ तास ठणका राहू शकतो. लावणीच्या पहिल्या दिवशी मांड्या भरून येतात, साधारण तसेच हे दुखणे असते आणि आपोआप कमी होते. या काळात:

• त्या दिवशी जड उचलणे, लांबचा मोटरसायकल प्रवास आणि तासन्‌तास वाकून काम टाळा.
• घरी आल्यावर अंथरुणावर पडून राहू नका. दर तासाला उठून पाच मिनिटे चाला.
• ठणका असेल तिथे गरम पाण्याच्या पिशवीने १५ मिनिटे शेका.
• तहान लागेल तेवढे पाणी प्या. ‘सेशननंतर शरीरातली विषारी द्रव्ये बाहेर पडतात, म्हणून पाच लिटर पाणी प्या’ या सल्ल्याला आधार नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांना जास्त पाणी त्रासदायक ठरू शकते.

दोन दिवसांनंतरही दुखणे आधीपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या सेशनच्या आधी थेरपिस्टला फोन करून सांगा. ‘सुरुवातीला वाढतेच’ असे मनाशी म्हणून गप्प बसू नका.

किती दुखले तर थांबायचे?

व्यायाम करताना दुखले की नुकसान होते, असे बहुतेकांना वाटते आणि त्या भीतीने हालचाल बंद होते. मग स्नायू ढिले पडतात आणि दुखणे आणखी वाढते. यासाठी दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या आणि सिग्नलचे तीन रंग लक्षात ठेवा.

हिरवा (० ते ३): व्यायाम चालू ठेवा.
पिवळा (४ ते ५): चालू ठेवा, पण वेळ किंवा वजन निम्मे करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे मूळच्या पातळीवर आले असेल, तर काळजी नाही.
लाल (६ आणि पुढे, किंवा पायात अथवा हातात खाली उतरणारी कळ): तो व्यायाम थांबवा आणि थेरपिस्टला विचारा.

घरी करायचे साधे व्यायाम

खालील व्यायाम साध्या कंबर, मान आणि गुडघेदुखीसाठी आहेत. तुमच्या थेरपिस्टने वेगळे सांगितले असेल, तर त्यांचे ऐका. ताजे हाड मोडणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर विचारल्याशिवाय करू नका.

१. चालणे. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. दिवसातून दोनदा दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडी वाढवा. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाललात की ते पूर्ण होते.

२. कंबर टेकवणे. उताणे झोपा, गुडघे वाकवून तळवे जमिनीवर ठेवा. पोट हलके आत ओढून कंबर जमिनीला टेकवा. पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा.

३. गुडघा छातीशी. त्याच स्थितीत एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या. दहा ते पंधरा अंक मोजा. दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा.

४. कंबर उचलणे. गुडघे वाकवलेले ठेवून नितंब जमिनीपासून सावकाश उचला. पाच अंक मोजा, सावकाश खाली या. आठ ते दहा वेळा. यातून नितंबाचे स्नायू मजबूत होतात आणि उचलण्याचे काम एकट्या कमरेवर येत नाही.

५. गुडघ्याखाली टॉवेल. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने ती खाली दाबा, मांडी घट्ट करा, पाच अंक मोजा. दहा वेळा. गुडघ्याची झीज असणाऱ्यांसाठी हा व्यायाम विशेष उपयोगी.

६. खुर्चीतून उठणे. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उभे राहा, सावकाश बसा. पाच वेळांपासून सुरू करा. तोल जात असेल तर खुर्ची भिंतीला लावून ठेवा आणि घरचे कोणी जवळ असू द्या.

७. हनुवटी मागे. ताठ बसा. मान वर किंवा खाली न करता हनुवटी सरळ मागे घ्या. तीन अंक मोजा. दहा वेळा. मोबाइलमध्ये मान घालून बसणाऱ्यांसाठी.

सगळे एकदम सुरू करू नका. दोन व्यायाम निवडा आणि ते रोज करा. जेवणाआधी किंवा दात घासल्यावर अशा ठरलेल्या कामाला जोडले की विसर पडत नाही.

कामाच्या ठिकाणी काय बदलता येईल?

‘जड उचलू नका, वाकू नका’ एवढे सांगून शेतकऱ्याचे किंवा नोकरदाराचे भागत नाही. काम बंद करता येत नसले तरी काम करण्याची पद्धत थोडी बदलता येते.

लोकलने रोज जाणाऱ्यांसाठी. वाशिंदपासून मुंबई सीएसएमटी सुमारे ८० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन रोजचे साडेतीन-चार तास गाडीत जातात. बसायला जागा मिळाली तर कमरेच्या खोलगट भागामागे घडी केलेला रुमाल किंवा छोटा टॉवेल ठेवा. सलग तासभर बसलात तर मध्ये एकदा उभे राहा. उभे असाल तर एकाच पायावर भार टाकू नका, पाय थोडे अंतरावर ठेवा आणि वरची कडी एकाच हाताने धरून राहण्याऐवजी हात बदला. एका खांद्यावरची जड बॅग मानदुखी वाढवते. पाठीवरची सॅक घ्या आणि गर्दीत ती पुढे घ्या. सेशनच्या दिवशी शक्य असेल तर गर्दीची गाडी टाळा.

भाताची लावणी आणि कापणी. तासन्‌तास कमरेत वाकून राहणे हे कमरेसाठी सर्वांत कठीण काम. दर वीस-पंचवीस मिनिटांनी ताठ उभे राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागे झुका. ओळीच्या टोकाला पोहोचलात की हे करायचे, असे ठरवले तर घड्याळ लागत नाही. रोपे उपटून मुठी बांधण्याचे आणि लावण्याचे काम आलटून-पालटून करा. दुखणे असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ लावणीला उतरवू नका. दोन-तीन दिवसांत वेळ वाढवत न्या. पावसाळ्याच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत चालणे आणि वरचे व्यायाम सुरू केले, तर लावणीच्या दिवसांत त्रास कमी होतो.

हंडा, मोळी, भारा. उन्हाळ्यात शहापूर आणि मुरबाडच्या अनेक पाड्यांवर बायकांना लांबून पाणी आणावे लागते. डोक्यावर दोन-तीन हंडे एकदम घेतले की मानेच्या मणक्यांवर मोठा दाब येतो. मानेचा त्रास असेल तर एका वेळी एकच हंडा घ्या आणि तो डोक्यावर चढवायला व उतरवायला दुसऱ्याची मदत घ्या. खालून काही उचलताना ओझे अंगाशी धरा, गुडघ्यांतून वाका आणि उचलत असताना कंबर पिळू नका. वळायचे असेल तर पाय वळवा. घरातल्या पुरुषांनी पाण्याच्या काही खेपा वाटून घेतल्या, तर तो कोणत्याही मालिशीपेक्षा मोठा उपचार ठरेल.

घरकाम. खाली बसून भाकरी थापणे, भांडी घासणे, लादी पुसणे यांत गुडघे आणि कंबर दोन्ही थकतात. गुडघेदुखी असेल तर पाट किंवा कमी उंचीचे स्टूल वापरा, उभे राहून स्वयंपाक करता येईल असा ओटा असेल तर उत्तम. बैठ्या संडासात उठणे अवघड जात असेल, तर वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते आणि भिंतीला आधाराचा दांडा बसवता येतो.

मोटरसायकल आणि जीप. खड्ड्यांच्या रस्त्यावरचे हादरे कमरेला सोसत नाहीत. दुखणे ताजे असताना लांबचा प्रवास टाळा. मागे बसणाऱ्याने एका बाजूला पाय सोडून बसणे कमरेला वाईट.

शेक, तेल, मालीश आणि घरचे उपाय

शेक. जुनाट दुखण्याला आणि आखडलेल्या स्नायूंना गरम शेक बरा वाटतो. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा आणि १५ ते २० मिनिटांत काढा. ताजी मुरगळ आणि सूज असेल तर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी शेक फार जपून घ्यावा. भाजलेले त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते.

तेल आणि निर्गुडी. तीळ किंवा खोबरेल तेलाने हलक्या हाताने मालीश केल्याने स्नायू सैल होतात. निर्गुडीच्या पाल्याचा गरम शेक अनेक घरांत देतात. त्वचेला त्रास होत नसेल तर हरकत नाही. सुजलेला लाल सांधा किंवा अचानक एकाच पोटरीला आलेली सूज मात्र चोळू नका.

उसण भरली तर. अचानक कंबर धरली की पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. उसण म्हणजे बहुतेक वेळा स्नायूंचा आवळ. तो काही दिवसांत आपोआप सुटतो आणि श्रेय पायाळू माणसाला जाते. नुसता पाय टेकवण्याने बिघडत नाही, पण जोराने लाथ किंवा झटका बसला तर, विशेषतः ठिसूळ हाडांच्या वयस्कर माणसाचा, मणका मोडू शकतो. उसण भरली तर गुडघ्यांखाली उशी घेऊन थोडा वेळ पडा, शेक घ्या आणि जमेल तसे चालायला लागा.

बिब्बा, रुईचा चीक, डाग. बिब्ब्याने त्वचा खोलवर भाजते, फोड येतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. तापलेल्या सळईने डाग दिल्याने दुखणे जात नाही, जखम मात्र होते. हे उपाय करू नका, लहान मुलांवर तर मुळीच नाही.

मान मोडून घेणे. केस कापल्यावर मान झटक्याने वळवून ‘कट्’ आवाज काढून घेणे अनेकांना आवडते. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून अर्धांगवायू होण्याचा धोका असतो. तो दुर्मीळ आहे, पण खरा आहे. स्वतःची मान स्वतः मोडण्यालाही हेच लागू पडते. आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला, असा त्याचा अर्थ नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार झाल्यामुळे तो आवाज येतो.

कमरेचा पट्टा. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात रुग्णाला माहिती देणे, व्यायाम, हाताने केलेले काही उपचार आणि मानसिक आधार यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि वजने लावून ओढणे, म्हणजे ट्रॅक्शन, यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये, असे त्यात म्हटले आहे. हाड मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर गोष्ट वेगळी. तो मनाने काढू नका.

गोळ्या, इंजेक्शने आणि पुड्या

दुखणे असह्य असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी थोडे दिवस घेण्यात गैर नाही. पण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतल्या, तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे खराब होऊ शकतात आणि रक्तदाब वाढू शकतो. उन्हात काम करून शरीरातले पाणी कमी झाले असताना हा धोका आणखी वाढतो. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, जुना अल्सर, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल, तर विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका. एकाच प्रकारच्या दोन गोळ्या वेगळ्या नावांनी पोटात जात नाहीत ना, हे पाकीट दाखवून विचारा.

बाजारात किंवा यात्रेत मिळणाऱ्या बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांपासून सावध राहा. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो, पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल, तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते. पुडी घेऊन डॉक्टरांना दाखवा.

झोप, आहार आणि मन

झोप. अपुऱ्या झोपेत तेच दुखणे जास्त जाणवते. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी ठेवा. फळीवर किंवा नुसत्या लादीवर झोपण्याची सक्ती नाही. फार मऊ नाही, फार कडक नाही अशी गादी चांगली. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या आधाराने उठा.

आहार. ‘वातूळ’ म्हणून डाळी, वाल, हरभरा बंद केल्याने कंबरदुखी जाते, असा भक्कम पुरावा नाही. उलट स्नायूंना लागणारी प्रथिने कमी पडतात. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काट्यासकट खाल्लेली सुकट, दूध, दही आणि तीळ हेही चांगले स्रोत. वजन जास्त असेल तर थोडे कमी झाले तरी गुडघ्यांना फरक जाणवतो. धूम्रपान करणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते आणि हाडे भरून यायला वेळ लागतो.

मन. महिनोन्‌महिने दुखत राहिले की चिडचिड, भीती, ‘आता कामच होणार नाही’ हा विचार येतोच. ‘दुखणे मनातले आहे’ असा याचा अर्थ नाही. ताणामुळे स्नायू आवळतात आणि मेंदू वेदनेला जास्त जागरूक होतो. दिवसातून दोनदा पाच मिनिटे शांत बसून पोटातून सावकाश श्वास घ्या. सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. भजनाला, पारावर, मैत्रिणींकडे जाणे दुखण्यामुळे बंद करू नका. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

पुढच्या सेशनची वाट पाहू नका

खालील लक्षणे असतील तर मालीश, व्यायाम किंवा मणके हलवून घेणे थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे सरकारी रुग्णालय येथे जा. तातडीच्या वेळी १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

त्याच दिवशी, ताबडतोब:
• लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा.
• एक किंवा दोन्ही पायांतली ताकद वेगाने कमी होणे, चालताना पाऊल घसटणे.
• छातीत, डाव्या खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत दाब, सोबत घाम आणि दम लागणे. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. ‘गॅस’ किंवा ‘उसण’ समजून चोळत बसू नका.
• मानेला झटका दिल्यानंतर चक्कर, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे.
• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर पाठीच्या कण्यात तीव्र दुखणे. वयस्कर व्यक्तीत साध्या पडण्यानेही मणका मोडतो.
• लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या आणि कंबर प्रचंड दुखणे, डोळे लाल होणे. चिखलात काम करणाऱ्यांत लेप्टोस्पायरोसिस होतो. तो वेळेवर प्रतिजैविके दिल्यास बरा होतो, उशीर झाल्यास मूत्रपिंडे आणि यकृतावर जातो.

एक-दोन दिवसांत:
• रात्री झोपेतून उठवणारे आणि विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे.
• संध्याकाळी येणारा बारीक ताप, वजन घटणे, भूक मंदावणे, कण्यावर उंचवटा. मणक्याचा क्षयरोग असा हळूहळू वाढतो आणि महिनोन्‌महिने ‘कंबरदुखी’ म्हणून मालीश होत राहते. खोकला नसला तरी मणक्याचा क्षयरोग असू शकतो. सरकारी रुग्णालयात त्याचे उपचार मोफत आहेत.
• पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा बराच काळ स्टिरॉइड घेतलेले असणे, आणि आता नवे हाडांचे दुखणे.
• कंबरेच्या एका बाजूला कळ, थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ.

वही ठेवा

एक साधी वही घ्या आणि रोज रात्री चार गोष्टी लिहा: आज दुखण्याला दहापैकी किती गुण, किती मिनिटे चाललात, कोणते व्यायाम केले, कोणते काम जमले. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला सांगा.

यातली शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. ‘दुखणे पाचचे चार झाले’ यापेक्षा ‘आज विहिरीपर्यंत न थांबता गेले’ किंवा ‘कल्याणपर्यंत उभ्याने प्रवास जमला’ यातून थेरपिस्टला जास्त कळते.

चार ते सहा सेशननंतर वहीत काहीच बदल दिसत नसेल, तर तसेच पुढे चालू ठेवू नका. निदान पुन्हा तपासायला सांगा किंवा दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. तपासणीआधीच वीस-तीस सेशनचे पैसे आगाऊ भरू नका. चांगला थेरपिस्ट तुम्हाला हळूहळू स्वतःच्या पायावर उभे करतो आणि सेशन कमी करत नेतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एक सेशन चुकले तर केलेले वाया जाते का?
नाही. पावसात रस्ता बंद झाला किंवा कापणी आली म्हणून आठवडा चुकला, तरी घरचे व्यायाम चालू असतील तर फारसे बिघडत नाही. फोनवर विचारून व्यायाम वाढवता येतात का, ते पाहा.

एमआरआय करावाच लागतो का?
वर दिलेली धोक्याची लक्षणे नसतील तर सुरुवातीला बहुतेकांना लागत नाही. वयानुसार मणक्यांत दिसणारी झीज अनेक न दुखणाऱ्या माणसांतही असते. केवळ रिपोर्टमधल्या शब्दांनी घाबरू नका.

योगासने चालतील का?
चालतील, पण दुखणे ताजे असताना पुढे जोरात वाकण्याची आसने, शीर्षासन आणि मान वळवण्याची कठीण आसने टाळा. शिक्षकाला आधी दुखणे सांगा.

बरे वाटल्यावर व्यायाम थांबवायचे का?
नाही. कंबरदुखी पुन्हा उलटण्याची शक्यता बरीच असते. निवडलेले दोन व्यायाम आणि रोजचे चालणे बरे वाटल्यावरही चालू ठेवा.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या आजाराचे निदान आणि औषधे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.